किशोरवयीन मुलींचा आहार : सत्रांत नेमकं काय सांगायचं आणि काय वगळायचं?

वर्गखिडकी
12 ते 16 वयाच्या मुलींसाठी आहारावर सहा सत्रं आखायची आहेत. प्रत्येक सत्र 40 मिनिटांचं, एका गटात साधारण 30 मुली. सध्याचा आराखडा असा : पहिल्या सत्रात वजन-उंची मोजून बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा), दुसऱ्यात कॅलरींचा तक्ता, तिसऱ्यात अन्नघटक, चौथ्यात बाहेरच्या खाण्याचे तोटे, पाचव्यात हिमोग्लोबिन वाढवणारे पदार्थ, सहाव्यात 'जंक फूड खाणार नाही' अशी शपथ. या विषयात मुरलेल्यांनी यातलं काय खोडायचं आणि काय घालायचं ते रोखठोक सांगावं. आकडे आणि कृती हवी आहे, 'भरपूर फळं-भाज्या खा' इतपत सगळ्यांनाच माहीत असतं.

हिरवीपालवी
मग रोखठोकच सांगते. पहिलं, दुसरं आणि सहावं सत्र काढून टाका. पाचवं सगळ्यात आधी घ्या आणि त्याला दोन सत्रं द्या.

वर्गात वजन करणं ही या आराखड्यातली सगळ्यात घातक गोष्ट आहे. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण 11-12 व्या वर्षी. पाळी त्यानंतर वर्षभराच्या आसपास सुरू होते. या काळात कंबर-मांड्या भरतात, वजन वाढतं, आणि ते वाढायलाच हवं. त्याच वेळी चार जणींसमोर काट्यावर उभं केलं की तिला एकच गोष्ट कळते : मी जास्त आहे. दुसऱ्या दिवसापासून डबा परत जायला लागतो.

शिवाय मोठ्यांच्या बीएमआयचे 18.5 आणि 25 हे आकडे या वयाला लागूच होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचे 5 ते 19 वयाचे 2007 चे वयानुसार तक्ते आहेत, त्यात त्या वयाच्या मध्यापासून मुलगी किती दूर आहे ते बघतात : वर +1 एसडीच्या (प्रमाण विचलन, म्हणजे मध्यापासूनचं अंतर मोजायचं माप) पलीकडे जास्त वजन, +2 च्या पलीकडे स्थूलता, खाली -2 च्या पलीकडे कृशता. मोजायचंच असेल तर ते आरोग्य तपासणीत, आडोशाला, एकेकीचं, आकडा मोठ्याने न उच्चारता.

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2016 च्या अहवालात हेच आहे. डाएटिंगला प्रोत्साहन देऊ नका, वजनावरून बोलू नका, चिडवू नका, घरी एकत्र जेवायला सांगा. डाएटिंग करणाऱ्या मुलींत पुढे खाण्याचे विकारही जास्त दिसतात आणि वजन वाढण्याचा धोकाही.

शपथेचंही तसंच. शपथ मोडली की अपराधीपणा येतो आणि तो लपून खाण्याकडे नेतो. 'चांगलं अन्न, वाईट अन्न' हे शब्द सत्रातून काढा. 'रोजचं' आणि 'कधीतरीचं' एवढे दोन शब्द पुरतात.

वर्गखिडकी
पटलं. वजन आणि शपथ दोन्ही गेलं. लोहापासून सुरुवात करायची तर 14 वर्षांच्या मुलीला पटेल असा हिशेब कसा मांडायचा? 'रक्त कमी होतं' एवढ्यावर त्या कान देत नाहीत.

रक्तपेशी
फळ्यावर जमाखर्च मांडा.

खर्चाची बाजू : एका पाळीत सरासरी 30 ते 40 मिली रक्त जातं. 1 मिली रक्तात जवळपास अर्धा मिग्रॅ लोह असतं. म्हणजे 40 मिली गेलं तर 20 मिग्रॅ, महिन्यावर वाटलं तर रोज 0.7. आतड्यातून आणि त्वचेतून रोज 0.7-0.8 जातंच. शरीर वाढतंय, रक्ताचं एकूण प्रमाण वाढतंय, त्याला आणखी 0.5 च्या आसपास. बेरीज 2 मिग्रॅच्या जवळ.

जमेची बाजू : मांस-माशांतल्या लोहापैकी 15 ते 35 टक्के शरीरात शिरतं. धान्य, डाळी, भाज्यांतलं मात्र 2 ते 20 टक्के, आणि नुसतं धान्य-डाळ खाल्लं तर खालच्या टोकाला. 10 टक्के धरलं तर 2 मिग्रॅ आत जायला ताटात 20 हवं. 5 टक्के धरलं तर 40, आणि तेवढं रोज खाणं कुणालाच जमत नाही.

इथेच थांबून मुलींना विचारा : 'ताटातलं लोह दुप्पट करणं सोपं, की शिरणारं प्रमाण 5 वरून 10 टक्के करणं?' उत्तर त्याच देतात. पुढची दोन्ही सत्रं या प्रश्नावर उभी करता येतात.

मिश्र आहारासाठी अमेरिकेतली रोजची शिफारस 9 ते 13 वयाला 8 मिग्रॅ आणि 14 ते 18 च्या मुलींना 15 मिग्रॅ आहे. त्याच वयाच्या मुलग्यांना 11. शाकाहारी असेल तर 1.8 पट धरायचं, म्हणजे 27. भावापेक्षा बहिणीला लोह जास्त लागतं ही एकच ओळ घरी नेण्यासारखी आहे, कारण पुष्कळ घरांत वाढताना उलट होतं.

तोलमोल
रक्तपेशी यांच्या हिशेबाला धरून एक डबा उघडून दाखवतो. शिजलेले छोले एक कप, साधारण 165 ग्रॅम. त्यात 4.7 मिग्रॅच्या आसपास लोह. कागदावर झकास. पण छोल्यांत फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं. त्यावर उपाय स्वयंपाकातच आहे : रात्री 8 ते 12 तास भिजवायचे, ते पाणी ओतून द्यायचं, जमलं तर एक दिवस मोड आणायचे. आंबवल्यानेही फायटेट कमी होतं. (मोड आलेलं कडधान्य कच्चं देऊ नका. ओल आणि ऊब ही जंतूंना मोकळं रान असते. पाच-सात मिनिटं वाफवून द्या.)

आता क जीवनसत्त्व. 'वर लिंबू पिळा' असं सगळेच सांगतात, पण किती ते कुणी सांगत नाही. लिंबाच्या 100 मिली रसात 40 मिग्रॅच्या आत-बाहेर क जीवनसत्त्व असतं. अर्ध्या लिंबाचा रस 15-20 मिली निघाला तर हाती लागतं 6 ते 8 मिग्रॅ. ठळक फरक पडायला एका जेवणात 50 मिग्रॅच्या आसपास हवं. म्हणजे चार थेंब लिंबू हा चवीचा भाग झाला, उपाय नव्हे. त्याच डब्यात अर्धी कच्ची ढोबळी मिरची, 60 ग्रॅम, टाकली की 45-50 मिळतं. एक मध्यम संत्रं 70. पेरूची गंमत वेगळीच आहे : 100 ग्रॅममध्ये 200 च्या वर, म्हणजे पाव पेरूतही काम भागतं.

दोन चुका हमखास होतात. एक, मिरची किंवा टोमॅटो भाजीसोबत वीस मिनिटं उकळतात. क जीवनसत्त्व उष्णतेने जातं आणि पाण्यात उतरतं, त्यामुळे ते कच्चं, शेवटी, वरून. दुसरी, फळ संध्याकाळी खातात. लोह दुपारी आणि संत्रं संध्याकाळी, तर त्यांची गाठच पडत नाही. एकाच जेवणात हवं.

हिरवीपालवी
चहा राहिला! जेवणासोबतचा एक कप चहा त्या जेवणातल्या वनस्पतिजन्य लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त खाली आणतो. कॉफीही आणते, जरा कमी. चहा सोडा म्हणू नका, कुणी सोडत नाही आणि सोडायची गरजही नाही. जेवणापासून एक तास लांब ढकला म्हणा. सकाळी चहात बुडवून काहीतरी खाणं हाच जिथे नाश्ता असतो तिथे हा बदल सगळ्यात मोठा ठरतो.

वर्गखिडकी
दोन शंका. पालक हा लोहाचा राजा म्हणून तक्त्यावर काढलेला आहे, तो ठेवू का? आणि दूध जेवणासोबत द्यावं की नाही?

हिरवीपालवी
पालक भाजी म्हणून ठेवा, राजा म्हणून नको. त्यात फोलेट चांगलं आहे, अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक भरपूर आहे. लोह आहे, पण शरीराला मिळतं थोडं. कॅल्शियमचं तर पाहाच : पालकातलं सुमारे 5 टक्के शोषलं जातं, दुधातलं 27-30 टक्के. कारण ऑक्झलेट, पालकातला कॅल्शियमला बांधून ठेवणारा घटक. कोबी आणि ब्रोकोलीच्या कुळातल्या भाज्यांत ऑक्झलेट कमी, त्यांतलं कॅल्शियम छान शोषलं जातं, फक्त मुळात प्रमाण कमी असतं.

दुधाबद्दल. कॅल्शियम लोहाच्या आड येतं, हे खरं. पण म्हणून दूध कमी करू नका. 18 व्या वर्षापर्यंत मुलीच्या हाडांची आयुष्यभराची पुंजी जवळपास 90 टक्के जमा झालेली असते, आणि त्यातला मोठा वाटा उंची झपाट्याने वाढते त्या दोन वर्षांतच पडतो. पुढे भर घालायला फारशी जागा उरत नाही. रोज 1300 मिग्रॅ हा 9 ते 18 चा अमेरिकी आकडा. 250 मिली दुधात 300. म्हणजे दूध-दही मिळून तीन वेळा, उरलेलं तीळ, डाळी, भाज्यांतून. दूध मुख्य जेवणात न देता मधल्या वेळेला किंवा रात्री द्या, की दोन्ही साधतं.

दूध पचत नसेल तर दही बहुतेकींना चालतं. कॅल्शियम घातलेलं सोयाचं पेय घेणार असाल तर डबा जोरात हलवायला सांगा. कॅल्शियम तळाशी बसतं आणि वरचं पातळ पिऊन तळ फेकला की सगळं वाया. काट्यासकट खाता येणारे छोटे मासे हाही उत्तम मार्ग.

पाणवठा
अन्नघटकांचं तिसरं सत्र 'कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध' असं घेऊ नका, मुली पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी दहा गटांचा खेळ घ्या. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने 2016 मध्ये 15 ते 49 वयाच्या स्त्रियांसाठी आहारातली विविधता मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली, त्यातले हे गट. 24 तासांत दहापैकी निदान पाच गट पोटात गेले की नाही, एवढंच बघायचं.

गट असे : धान्यं आणि पिठूळ कंद, डाळी-कडधान्यं, सुका मेवा आणि तेलबिया, दूध-दही, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, अ जीवनसत्त्व देणारी केशरी-पिवळी फळं-भाज्या, इतर भाज्या, इतर फळं.

कृती. जमिनीवर दहा खोकी काढा. प्रत्येकीला चिठ्ठ्या द्या. काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत जे पोटात गेलं ते एकेका चिठ्ठीवर, नाव न घालता. मिश्र पदार्थ घटकांत फोडायला लावा, एका भाजीत चार गट असू शकतात. मग चिठ्ठ्या खोक्यांत टाकायच्या. कोणतं खोकं रिकामं राहिलं ते सगळ्या वर्गाला एकदम दिसतं आणि कुणा एकीचं ताट उघडं पडत नाही. या शेवटच्या गोष्टीसाठी नाव नको म्हटलं. घरात अंडं किंवा फळ परवडत नसेल तर ते वर्गात समजता कामा नये.

चुका कुठे होतात ते सांगतो. बटाटा मुली 'भाजी'त टाकतात, तो धान्य-कंदांत जातो. शेंगदाणे शास्त्राने द्विदल, पण या पद्धतीत ते तेलबियांत. लोणी आणि साय दुधाच्या गटात धरत नाहीत. गाजर आणि लाल भोपळा केशरी गटात, टोमॅटो मात्र इतर भाज्यांत. 15 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो गट मोजायचाच नाही, म्हणून वरून भुरभुरलेली कोथिंबीर पालेभाजी होत नाही. 15 ग्रॅम म्हणजे शिजलेल्या भाजीचा साधारण एक मोठा चमचा, तो प्रत्यक्ष भरून दाखवा.

एक इशारा. पाच गट हा समूहाचा मापदंड आहे. एखादीचे पाच भरले म्हणजे तिला सगळं पुरेसं मिळतंय असं नव्हे, आणि चार भरले म्हणजे ती आजारी नव्हे. गुण देऊ नका. 'उद्या रिकाम्या खोक्यातलं काय एक आणता येईल?' इथवर न्या. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच खेळ घेऊन दोन्ही वेळच्या खोक्यांची तुलना करा.

वर्गखिडकी
हे फारच उपयोगी. चौथं सत्र, बाहेरचं खाणं आणि गोड पेयं, शपथेशिवाय कसं घेऊ?

तोलमोल
मोजून दाखवा, बोलू नका. 330 मिली कोलात सुमारे 35 ग्रॅम साखर. लेबलवर 100 मिलीमागे 10.6 लिहिलेलं असतं, मुलींनाच 3.3 ने गुणायला लावा आणि काट्यावर साखर ओतून दाखवा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत, जमल्यास 5 च्या आत. 2000 कॅलरी धरल्या तर 50 आणि 25 ग्रॅम. हा आकडा मध आणि फळांच्या रसालाही लागू, अख्ख्या फळाला नाही.

मग लेबल वाचनाची एकच युक्ती शिकवा : घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तिनांत साखर असेल तर तो गोड पदार्थ, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. 'एका वाढपात' हा आकडा पाहून फसू नका, पाकिटात किती वाढपं आहेत ते आधी पाहा.

आणि भूक विसरू नका. संध्याकाळी पाकीट फुटतं त्याचं कारण बहुतेक वेळा सकाळी न खाणं आणि दुपारचा अपुरा डबा असतं. 14 ते 18 च्या मुलीला रोज सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. सकाळी शून्य आणि दुपारी सहा मिळाली तर चार वाजता ती ओरडणारच. एक अंडं 6, 250 मिली दूध 8, शिजलेल्या डाळीची घट्ट वाटी 10-12, मूठभर शेंगदाणे 7. सकाळी भूक लागत नाही म्हणणारीला आधी अर्धं केळं आणि दही, एवढंच. आठवडाभरात भूक वेळेवर यायला लागते.

रक्तपेशी
शाकाहारी मुलींसाठी एक भर : बी12 जीवनसत्त्व. ते वनस्पतींत मिळत नाही. रोज 14 वर्षांवर 2.4 मायक्रोग्रॅम. दूध-दही नियमित असेल तर बरंचसं भागतं. तेही नसेल तर पोषक घटक मिसळलेलं अन्न किंवा गोळी लागते, शैवालावर विसंबू नका. लोह देऊनही थकवा, मुंग्या येणं, लाल पेशी मोठ्या आकाराच्या दिसणं असं असेल तर बी12 तपासायला सांगा.

हिरवीपालवी
आणि खेळणाऱ्या, नाचणाऱ्या मुलींकडे वेगळं लक्ष हवं. सरावाइतकं खाल्लं नाही की शरीर पाळी बंद करून ऊर्जा वाचवतं. 'खेळाडूंची पाळी जातेच' म्हणून सोडून देऊ नका. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे. ऊर्जेची तूट, पाळीतला बिघाड, ठिसूळ होत जाणारी हाडं हे तिघं एकत्र येतात आणि पहिलं लक्षण कधीकधी पायाच्या हाडाला गेलेली बारीक चीर हेच असतं.

सत्र घेणाऱ्याने ओळखायच्या खुणा : जेवणाच्या वेळी रोज काही कारण काढून गायब होणं, जेवल्याबरोबर बाथरूम, एकामागून एक पदार्थांचे गट बंद करणं, थंडी वाजणं, अंगावर ढगळ कपडे. असं दिसलं तर एकटीशी बोला. सुरुवात 'तू बारीक झालीस' अशी नको, आणि 'छान बारीक झालीस' तर मुळीच नको. 'हल्ली दमलेली वाटतेस, जेवण जातंय का?' असं विचारा आणि पालकांना विश्वासात घेऊन मानसोपचाराची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा. हे आहाराच्या सत्रात सुटत नाही.

वर्गखिडकी
शेवटचा प्रश्न. सत्रांसोबत हिमोग्लोबिन तपासणी ठेवली तर? आणि गोळ्या दिल्या तर मुली 'पोट बिघडतं, शौच काळं होतं' म्हणून सोडतात.

रक्तपेशी
तपासणी जरूर, पण बोटातून रक्त घेताना होणारी एक चूक सगळे आकडे बिघडवते : बोट पिळणं. पिळलं की पेशींमधलं पाणी रक्तात मिसळतं आणि हिमोग्लोबिन खोटं कमी येतं. हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धरायला लावा. मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाला, बाजूने टोचा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिला थेंब पुसा, पुढचा आपोआप फुगू द्या. तपासणीपट्टी एकदाच आणि पूर्ण भरा, मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर ती टाकून नवी घ्या.

रक्तक्षयाच्या (हिमोग्लोबिन कमी असण्याच्या) निदानाची रेषा : 5 ते 11 वयाला 11.5, 12 पासून पुढे गर्भवती नसलेल्या मुलींना 12 ग्रॅम प्रति डेसिलीटर. पण लोहाचा साठा हिमोग्लोबिन घसरायच्या बराच आधी संपतो. सतत बर्फ चघळावासा वाटणं, जिना चढताना धाप, लक्ष न लागणं असेल आणि हिमोग्लोबिन 12.3 आलं, तर 'ठीक आहे' म्हणून परत पाठवू नका. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्तातली तपासणी) 15 मायक्रोग्रॅम प्रति लीटरच्या खाली असेल तर साठा संपला आहे. ताप-सर्दीत फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा नंतर तपासा. दर दोन तासांच्या आत पॅड भिजत असेल किंवा पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल तर आधी त्यावर उपचार हवेत. भोक असलेल्या भांड्यात पाणी ओतून काय होणार?

गोळ्यांचं. जिथे पाळी सुरू असलेल्या मुली-स्त्रियांत रक्तक्षयाचं प्रमाण 20 टक्के किंवा जास्त आहे तिथे प्रतिबंधासाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला एक गोळी : 60 मिग्रॅ मूलभूत लोह आणि 2.8 मिग्रॅ फोलिक अ‍ॅसिड, तीन महिने घ्यायची, तीन महिने खंड. 'मूलभूत लोह' हा शब्द वेष्टनावर शोधा. 60 मिग्रॅ लोह म्हणजे फेरस सल्फेट 300 मिग्रॅ किंवा फेरस फ्युमरेट 180 मिग्रॅ, वरचा मोठा आकडा पाहून मात्रा ठरवू नका. रक्तक्षय आधीच असेल तर ही मात्रा पुरत नाही, उपचार डॉक्टर ठरवतील.

मुली सोडतात त्याचं कारण आधी सांगितलेलं नसतं. गोळी देण्यापूर्वीच सांगा : शौच काळं होईल, ते न शोषलेलं लोह आहे, त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळ होत असेल तर रात्री, थोडं खाऊन. दुधासोबत, चहासोबत किंवा आम्लपित्ताच्या गोळीसोबत नाही. रोजच्या गोळीने फारच त्रास होत असेल तर डॉक्टरांना एक दिवसाआड चालेल का विचारा. गोळी घेतल्यावर हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढचं लोह अडवतं, त्यामुळे एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतला जास्त वाटा शोषला जातो.

उपचार सुरू झाल्यावर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान 1 ग्रॅमने वर यायला हवं. आलं नाही तर पहिला प्रश्न : गोळी खरंच घेतली का, आणि कशासोबत? ती नीट घेऊनही आकडा हलत नसेल तर जंत, चालू असलेला रक्तस्राव आणि थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असणं, या तिन्ही शक्यता तपासायला पाठवा. वाहक मुलीच्या लाल पेशी लहानच असतात, लोहाची कमतरता नसताना तिला वर्षानुवर्षं लोह देत राहणं चुकीचं आहे, आणि तिला ते स्वतःबद्दल माहीत असण्याचा हक्कही आहे.